'धोक्यातली मुलं' वेगळी काढता येतात का?

मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: "शेजारच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने जीव दिला. तेव्हापासून आमच्या मॅनेजमेंटने प्रत्येक क्लासटीचरला जोखमीच्या घटकांची यादी लावून आपापल्या वर्गातली 'धोक्यातली मुलं' वेगळी काढायला सांगितली आहे. यादीत काय काय धरायचं? अशा मुलाला थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल का? आणि 'घरी सांगू नका' म्हणाला तर काय करायचं?"

मॅडम, यादी देतो, पण मॅनेजमेंटला ज्या कामासाठी ती हवी आहे त्या कामाला ती चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ऐंशी मुलांच्या वर्गाला कुठलीही यादी लावा, वीस-पंचवीस मुलांच्या नावापुढे काही ना काही खूण पडेलच. त्यातली जवळजवळ सगळी बारावी होतील, कुठेतरी ॲडमिशन घेतील आणि मार्गाला लागतील. आणि ज्याच्या नावापुढे एकही खूण नाही असा हसतमुख, पहिल्या बाकावरचा मुलगा कदाचित त्याच आठवड्यात पार खचलेला असेल. घटकांची बेरीज करून कोण जीव देईल याचं भाकीत आम्हा सायकॅट्रिस्ट लोकांनाही करता येत नाही. डॉक्टरांसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर अशा प्रश्नावल्या आणि गुणतक्ते भाकितासाठी वापरू नका, असं डॉक्टरांनाच स्पष्ट बजावलं आहे.

मग घटक माहीत असून उपयोग काय? ते मुलं निवडायला वापरू नका, वेळ ओळखायला वापरा. तेच मूल जूनमध्ये ठीक असतं, नोव्हेंबरमध्ये नसतं. मधल्या काळात काय काय एकावर एक चढलं ते बघायचं.

सगळ्यात वजनदार घटक एकच: आधी केलेला प्रयत्न. पूर्वी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलेला असेल, किंवा स्वतःला इजा करून घ्यायची सवय असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या मुलाकडे लक्ष द्यायचं. विशेषतः हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने. गंमत अशी की नेमकी हीच गोष्ट कॉलेजला कधी कळत नाही. आईवडील अर्जात 'फूड पॉयझनिंग' लिहितात, 'व्हायरल' लिहितात. यामागे लाज असतेच, पण पोलिसांची भीती त्याहून मोठी असते. कॅज्युअल्टीत केसपेपरवर 'एमएलसी' (मेडिकोलीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) असा शिक्का पडला, पोलीस हवालदार जबाब घ्यायला आला, की घरच्यांचे पाय लटपटतात. मग ते मुलाला डिस्चार्ज घेऊन घरी नेतात आणि सायकॅट्रीची अपॉइंटमेंट तशीच राहते.

म्हणून पालकांना हे सांगता आलं पाहिजे: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ११५ असं धरून चालतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, उलट तिच्या उपचाराची आणि पुनर्वसनाची सोय करणं हे सरकारचं कर्तव्य. हा कायदा मे २०१८पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या स्वरूपात उरलेलंच नाही. एमएलसीची नोंद आजही होते, जबाब आजही घेतात, पण त्या मुलाच्या करिअरला डाग लागेल, पासपोर्ट अडेल, या बोलण्याला अर्थ नाही. हे एवढं एका बापाला समजावलं तरी मूल फॉलोअपला येतं.

दुसरा घटक मानसिक आजार. मोठ्यांचं डिप्रेशन रडवेलं दिसतं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं बरेचदा चिडकं दिसतं. आईच्या प्रत्येक वाक्यावर खेकसणं, आंघोळ टाळणं, रात्री तीनपर्यंत जागं आणि सकाळच्या लेक्चरला गायब. घरी त्याला 'आळस' म्हणतात, 'मोबाइलने वाया गेलाय' म्हणतात. मोबाइल असतोच हो हातात, पण झोप उडालेला मुलगा रात्री तीनला दुसरं काय करणार? बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणं) आणि सायकोसिस (भास-भ्रम होणं) यांसारखे आजारही याच वयात डोकं वर काढतात. दारू, गांजा यांनी आवेग वाढतो आणि ब्रेक सुटतात. ज्याचा अभ्यास 'लक्ष दिलं तर करेल' या शेऱ्यावर आठवीपासून अडकलाय त्याला एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) किंवा लर्निंग डिसेबिलिटी (वाचन-लेखन-गणित शिकण्याची अडचण) आहे का हे बघायला हवं. सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे आणि तिथल्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या सवलती मिळतात. पंधरा वर्षं स्वतःला 'ढ' समजून जगलेल्या मुलाला आपल्या अडचणीला नाव आहे हे कळणं हाच अर्धा उपचार असतो.

औषधाबद्दलही दोन शब्द, कारण पालक हमखास विचारतात. डिप्रेशनची गोळी नव्याने सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे पंचविशीच्या आतल्या मुलांवर जास्त लक्ष ठेवायचं. काहींमध्ये अस्वस्थता वाढते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७मध्ये तरुणांसाठी तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. पण याचा अर्थ गोळी बंद करा असा नाही. आपल्या मनाने बंद करणं त्याहून घातक. डॉक्टरला फोन करा, एवढाच अर्थ.

आता घर. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यांचं लक्ष परीक्षेकडे असतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२मध्ये देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात विद्यार्थी १३,०४४. विद्यार्थ्यांच्या आकड्यात महाराष्ट्र सगळ्यात वर, १,७६४. त्याच वर्षी 'परीक्षेतलं अपयश' हे कारण सगळ्या वयोगटांत मिळून २,२४८ जणांच्या नावापुढे होतं, म्हणजे एकूण आकड्याच्या दोन टक्क्यांच्याही आत. 'कौटुंबिक समस्या' मात्र जवळपास ३२ टक्के. पोलीस एका रकान्यात एकच कारण लिहितात, तेही घटनेनंतर गोंधळलेल्या घरच्यांना विचारून. त्यामुळे या वर्गवारीवर फार मोठे इमले बांधू नयेत. पण माझ्या ओपीडीत जे दिसतं ते याच्याशी जुळतं. निकाल शेवटचा येतो. त्याच्या आधी बऱ्याच गोष्टी येऊन बसलेल्या असतात.

दोन मुलांच्या हकिकती एकत्र करून, ओळख बदलून सांगतो. कल्याणच्या पुढून येणारा मुलगा, दादरला 'नीट'चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. वडिलांची नोकरी गेलेली, ते सिक्युरिटीत रात्रपाळी करायचे. क्लासची फी भरायला आईने पाटल्या गहाण टाकलेल्या. घरात कोणी त्याला एका शब्दाने बोललं नव्हतं, मारहाण नाही, भांडण नाही, आई तर डबा देताना 'जेवलास ना नीट' एवढंच विचारायची. तो माझ्यासमोर बसून हिशेब सांगत होता: फी इतकी, व्याज इतकं, ट्रेनचा पास इतका, ड्रॉप घेतला तर अजून एक वर्ष, बहिणीचं कॉलेज लांबणार. हिशेबाच्या शेवटी तो म्हणाला, "मी नसलो तर तिघांचं भागतं सर." आवाज अगदी सरळ. वजाबाकी करावी तसा.

या वाक्याला घाबरा. 'माझं कोणी नाही' हे जितकं धोक्याचं, तितकंच 'मी सगळ्यांना भार झालोय' हे. आणि दुसरं ओळखायला कठीण, कारण असं मूल त्रास देत नाही, उलट फार समजूतदार दिसतं. आपण मराठी घरांतून 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' हे प्रेमानेच ऐकवतो. खचलेल्या मुलाला ते बिल वाटतं. त्या मुलाच्या आईला मी त्याच्यासमोर विचारलं, पाटल्या महत्त्वाच्या की हा? ती त्याच्याकडे बघतच राहिली. असला प्रश्न कोणी विचारू शकतो हेच तिला पटेना. तिला जे उघड होतं ते त्याला कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो सध्या फिजिओथेरपी शिकतोय. उपचार सहा-आठ महिने चालले, गोळ्याही लागल्या, एका वाक्याने काही झालं नाही.

घरातल्या बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत असतात: दारू, मारहाण, आईवडिलांचं वेगळं होणं, कुटुंबात आधी कोणी जीव दिलेला असणं. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख यादीत सहसा कोणी करत नाही, पण तो असतो, मुलींच्या बाबतीत आणि मुलांच्याही. मुंबईत त्यात जागेची भर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे मुलीने रडायचं कुठे आणि हेल्पलाइनला फोन करायचा कुठून? कॉलेजात दार लावून बसता येईल अशी एक लहान खोली तिला मिळाली तर ती पुष्कळ आहे.

आणि अपमान. हा घटक शिक्षकांच्या हातातला आहे म्हणून मुद्दाम वेगळा काढतो. या वयात जीव द्यावासा वाटण्याच्या आधीच्या दिवसांत बरेचदा 'पकडलं जाणं' असतं: कॉपी करताना पकडलं, प्रेमप्रकरण घरी कळलं, वर्गासमोर पालकांना बोलावलं. अटेंडन्सची डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लावायची आणि तिचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरायचा, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. शिस्त ठेवा, पण नाव चारचौघांत का? ज्या दिवशी कॉपीची केस झाली, त्या दिवशी त्या मुलाला एकट्याने घरी पाठवू नका. घरचं माणूस येईपर्यंत कोणीतरी शेजारी बसा, चहा पाजा, आणि 'याचं काय होतं, पुढे काय करता येतं' हे सांगा. परीक्षा पुन्हा देता येते, पण त्या संध्याकाळी त्याला ते दिसत नसतं.

नव्या प्रकारच्या अपमानाचीही माहिती ठेवा. व्हिडिओ कॉलवर फसवून क्लिप बनवायची आणि पैसे मागायचे, किंवा झटपट कर्जाच्या ॲपवाल्यांनी फोनमधल्या सगळ्यांना मेसेज पाठवायचे. मुलगा एका रात्रीत कोपऱ्यात सापडतो आणि घरी सांगायची सोय नसते. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे. नंबर वर्गात लिहून ठेवा, म्हणजे कोणाला विचारावा लागणार नाही.

जात, भाषा आणि लैंगिकता याही यादीत येतात आणि त्या मुलाचे 'दोष' म्हणून नाही, त्याला मिळणाऱ्या वागणुकीमुळे येतात. होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात 'तुझी रँक काय' असं विचारून आरक्षणाचा कोटा शोधणं, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या इंग्रजी उच्चारावर हशा, मुलाच्या चालण्याबोलण्यावरून पडलेली नावं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. तक्रार मात्र कमी येते, कारण तक्रार करणाऱ्याला त्याच होस्टेलवर रात्री झोपायला जायचं असतं.

तर वेळ ओळखायची म्हणजे काय? निकालाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस, पहिली केटी (विषय राहणं), ड्रॉपचं वर्ष, घर सोडून होस्टेलवर आल्यावरचं पहिलं सत्र, ब्रेकअप, आजारपणातून परत आल्याचा काळ, आणि जवळपास कोणी जीव दिल्यानंतरचे काही आठवडे. तुमचं कॉलेज आत्ता या शेवटच्या काळात आहे. या वयात अशा घटनेची लागण होते. त्यामुळे हॉलमध्ये मोठी शोकसभा, हार घातलेला फोटो, त्याने काय केलं याची चर्चा, 'शेवटी सुटला बिचारा' अशी वाक्यं, हे सगळं टाळा. प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये वर्तमानपत्रांना घालून दिलेल्या सूचनाही याच धर्तीवर आहेत: पद्धत सांगू नका, सनसनाटी मथळे नकोत, मदतीचा नंबर द्या. त्या मुलाबरोबर क्लासला किंवा ट्रेनला असणारी तुमची मुलं कोण, हे शोधा आणि त्यांच्याशी तीन-चारच्या गटात बोला. त्यांना अपराधी वाटत असतं. 'त्याचा मेसेज मी सीन करून सोडला' हे एखादा सांगेल. ते ऐकून घ्या.

प्रत्यक्ष खुणा लवकर सांगतो: आवडत्या गोष्टीतून अंग काढून घेणं, आपल्या वस्तू वाटून टाकणं, माफी मागणं किंवा निरोप घेतल्यासारखं बोलणं, मरणाबद्दल थट्टेत बोलणं, बरेच दिवस खूप अस्वस्थ असलेलं मूल काही कारण नसताना एकदम शांत होणं. 'नाटकं करतोय', 'अटेन्शन हवंय' असं वाटलं तरी लक्ष द्या. लक्ष हवंय तर द्यायला काय हरकत आहे?

तुमचा दुसरा प्रश्न. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, यावर आता पुरेसं संशोधन झालं आहे. उलट बहुतेक मुलांना हायसं वाटतं. पण विचारायची रीत असते. स्टाफरूममध्ये नको, आणि 'तसलं काही मनात नाही ना तुझ्या?' असं तर मुळीच नको, कारण त्यात उत्तर आपणच देऊन टाकतो. मी साधारण असं विचारतो: "गेले काही दिवस तू फार थकलेला दिसतोयस. एवढा ताण असला की काहींना जगणंच नको वाटतं. तुला असं वाटतं का?" तो 'हो' म्हणाला तर घाबरून उपदेश सुरू करू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का? कसं, कधी असं काही ठरवलंयस का? आधी कधी प्रयत्न केला होतास का?' हे शांतपणे विचारा. मधे गप्प बसावं लागतं. आपल्याला ते फार जड जातं, मास्तर लोकांना तर जास्तच. आईवडिलांची शपथ घालू नका, गरीब मुलांची उदाहरणं देऊ नका, 'तुझ्यासारख्या हुशार मुलाने' नको.

विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, असं म्हणाला तर त्याच आठवड्यात समुपदेशक किंवा डॉक्टर. ठरवलं आहे असं म्हणाला तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर इथे सायकॅट्रीची ओपीडी असते, रात्री-अपरात्री कॅज्युअल्टी असते. जिवाला तातडीचा धोका असला तर ११२. टेली-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मुलाला नुसता नंबर देऊन पाठवू नका. तुमच्याच फोनवरून लावून द्या आणि दाराबाहेर बसा.

घरच्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगावीच लागते: ज्याने इजा होऊ शकेल असं घरातलं सगळं, औषधांच्या डब्यापासून, काही दिवस कुलपात किंवा शेजाऱ्यांकडे. पालक म्हणतात, 'करायचंच असेल तर कुठेही करेल.' तसं होत नाही. तरुण मुलांत ती तीव्र ऊर्मी बरेचदा काही मिनिटांची, काही तासांची असते आणि त्या वेळी हाताशी काही नसणं जीव वाचवतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. लोकांची दुःखं तर काही त्या बंदीने संपली नव्हती.

तिसरा प्रश्न, 'घरी सांगू नका'. गुप्ततेचं वचन सुरुवातीलाच देऊ नका. 'तू सांगशील ते मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी एकटी गप्प बसणार नाही' असं आधी सांगा. मग त्यालाच विचारा, घरात कोणाला सांगितलेलं चालेल? बापाचं नाव नको असेल, पण मावशी चालते, मामा चालतो, एखाद्याला आजी चालते. फोन त्याच्यासमोर करा, काय बोलणार ते आधी ठरवा, मार्कांचा विषय त्या फोनवर काढू नका. घरातलंच कोणी अत्याचार करत असेल तर मात्र घरी फोन करायचा नाही. अत्याचार लैंगिक असेल आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, आणि चाइल्डलाइन १०९८ मदतीला येते.

मॅनेजमेंटशी बोलताना सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचना पुढे ठेवा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, गुणांवरून बॅचेस पाडणं आणि मुलांचा जाहीर पाणउतारा टाळावा, असं त्यात आहे. 'शिक्षकेतर' हा भाग वगळू देऊ नका. मूल रडताना प्रिन्सिपॉलना दिसत नाही, कॅन्टीनवाल्याला आणि शिपाईकाकांना दिसतं. आणि तुमच्या सहकाऱ्यांनी नावांच्या याद्या करून झाल्या असतील तर त्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका, गेल्या असतील तर आजच डिलीट करायला लावा. ज्यांची नावं त्यात आली आहेत त्यांच्याशी समुपदेशक येईपर्यंत कोण बोलणार, हे माणशी वाटून घ्या. एका शिक्षकाकडे तीन-चार मुलांपेक्षा जास्त नकोत.